नवशी सांगून गेली ते

आमचं घर शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून होतं. त्यामुळे आमच्याकडे कुणाला मुद्दाम यावं लागत नसे. बाजाराला निघालेली, एसटी चुकलेली, उन्हानं दमलेली माणसं आमच्या ओटीवर टेकायची. ओटीच्या एका अंगाला आईचं शिवणाचं पायमशीन होतं. बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला होते. ते शनिवारी संध्याकाळी येत, सोबत सुकटीचा पुडा आणत, आणि सोमवारी पहाटे जात. बाकीचे दिवस घरात आई, मी आणि ते मशीन. त्याची खडखड सकाळी भाकऱ्या झाल्यावर सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. पण सलग नाही. मध्येच थांबायची, आणि बराच वेळ थांबायची. आतून मला कळायचं, ओटीवर कुणीतरी आलंय आणि बोलतंय. आई काम करता करता ऐकत नसे. पाय मशीनवरून खाली घ्यायची, हातातलं कापड मांडीवर ठेवायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायची. त्यामुळे तिचे ब्लाउज कधीच वेळेवर होत नसत. गावातल्या बायका कुरकुरायच्या. मलाही राग यायचा. बारावी झाल्यावर मी मशीनवर बसायला लागले, तेव्हा मला एकाच गोष्टीचा गर्व होता, की माझं मशीन थांबत नाही.

ओटीच्या पायरीवर बसणाऱ्यांत नवशी ठरलेली असायची. आमच्या गावामागच्या टेकडीवर कातकऱ्यांची वाडी होती, तिथली. वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. मला ती म्हातारी वाटायची, आज हिशेब केला तर तेव्हा ती पंचेचाळीसच्या पुढे नसणार. पावसाच्या तोंडावर शेवळं आणायची, त्यांच्याबरोबर आठवणीनं काकडाची आंबट फळं, नाहीतर भाजी खाजते म्हणून. पावसात चिंबोऱ्या, थंडीत करांद्याचे कंद. बाजारात माल खपला की परतताना पायरीवर बसायची, वर कधी यायची नाही. आई तिला कोरा चहा आणि भाकरीवर वालाचं बिरडं घालून द्यायची. मग ती बोलायची आणि आई ऐकायची. काय बोलायची? याच प्रश्नाशी मला पुढं यायचं आहे, म्हणून इथं थांबते.

त्या वर्षी पौषात आईला कावीळ झाली. मुरबाडला माझ्या मामाच्या शेजारी झाडपाल्याचं औषध देणारी एक बाई होती, म्हणून मामा येऊन आईला घेऊन गेला. तीन आठवडे ती तिकडेच होती. इकडे पाटलांच्या घरच्या लग्नाचे नऊ ब्लाउज आले होते, सगळे अस्तराचे, आणि मी एकटीनं ते वेळेत देऊन दाखवायचं मनाशी ठरवलं होतं. शेजारची काकू रात्री सोबतीला झोपायची. दिवसा मी आणि मशीन. अंघोळीलाही घाईघाईनं जायचे.

अशा एका दुपारी नवशी आली. त्या दिवशी बाजार नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तिच्या फडक्यात चार करांदे होते. पायरीवर बसायला तिनं जोत्याचा आधार घेतला.

"आय कुटं गेली गो बाय?"

"मामाकडे. औषधाला. काय काम होतं?"

"तिलाच सांगायचा व्हता."

"मला सांग ना. आली की सांगते तिला."

हे मीच म्हटलं. कुणी मला म्हणायला लावलं नव्हतं. लवकर उरकून ती जावी, एवढाच त्यामागे विचार. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पदरानं तोंड पुसलं आणि बोलायला लागली.

मी जांभळ्या ब्लाउजची बाही लावत होते. कापड सुळसुळीत होतं, सारखं सरकत होतं. त्या बाहीला किती चुण्या घातल्या, हूक सहा लावले की सात, काठ कुठं उसवून पुन्हा शिवला, हे मी आजही सांगू शकते. नवशीचा आवाज मुळात बारीक, त्यात ती थकलेली, आणि माझ्या पायाखाली मशीन धडधडतंय. दोरा तोडायला मी थांबायचे तेव्हा तिचे तुकडे कानावर पडायचे. कुठल्यातरी गावाच्या तोंडाशी दोन चिंचा. एक बाई, तिचा नवरा मुंबईला गोदीत. गावाचं नाव तिनं दोनदा तरी घेतलं, शेवटी 'ळे' होतं एवढं आठवतं. आमच्या बाजूला 'ळे' शेवटी असलेली गावं किती, ते इथल्या माणसाला विचारा. मी मान न उचलता "हं, हं" करत होते. मध्ये ती रडली असावी, कारण बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि मला बरं वाटलं, की संपलं. मग तिनं विचारलं,

"ध्यानात ऱ्हाईल ना गो बाय? माजी बुधी आली तर तिला सांगशील ना?"

"हो, राहील की."

ती उठली. करांदे पायरीवरच ठेवून गेली. संध्याकाळी मी ते मीठ घालून उकडले आणि खाल्ले. नऊ ब्लाउज वेळेत झाले. पाटलीणबाईंनी चारचौघींत माझं नाव घेतलं. आई परत आली तेव्हा मी तिला ब्लाउजांचं सगळं सांगितलं. नवशी येऊन गेल्याचं सांगायला विसरले.

शिमग्याच्या आठ दिवस आधी नवशी वारली. वाडीतली बहुतेक माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जायची ती शिमग्याला चार दिवस परत यायची. तिची मुलगी बुधी नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या भट्टीवर होती. तिच्यापर्यंत निरोप पोचला आणि ती आली, तोवर वाडीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी माती देऊनही झाली होती. हे आम्हाला गावात उडत उडत कळलं. आई दोन दिवस जेवली नाही नीट. मी म्हटलं, फार आजारी होती का ती? आई म्हणाली, "मी नव्हते ना इथं."

होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी बुधी आमच्या ओटीसमोर उभी राहिली. माझ्याच वयाची, कडेवर पोर, पायांना भट्टीची लाल माती अजून चिकटलेली. आई नदीवर धुणं धुवायला गेली होती. बुधी पायरीवर बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"ताई, आयनं तुज्याकडं कायतरी सांगून ठेवलाय."

ती पुढं बोलत राहिली. तिला एक धाकटी बहीण होती, ठकी. तान्ही असताना भट्टीवर जाताना वाटेत तापानं फणफणली, आणि तिथंच मेली, असं नवशीनं बुधीला आजवर सांगितलं होतं. आता वाडीवरची शेजारीण म्हातारी म्हणत होती की पोर मेली नव्हती. एका गावात एका मूल नसलेल्या बाईकडे नवशी तिला ठेवून पुढं गेली होती. पावसाच्या तोंडावर घ्यायला गेली तर पोर त्या बाईला घट्ट धरून बसली, हिच्याकडे येईना. अंगावर नवं झबलं होतं, खाऊन-पिऊन गुबगुबीत झाली होती. नवशी तशीच परत फिरली. शेजारणीला तिनं एवढंच सांगितलं होतं, आणि तेही मरताना. गाव कुठलं ते तिला सांगितलं नाही, वाडीवर कळलं तर कुणीतरी जाऊन पोरीला ओढून आणील म्हणून. "शिवनवाल्या बायच्या पोरीला समदा सांगून आलीय, ती लिवनारी हाय, ती इसरायची नाय," असं म्हणाली होती.

"कुटला गाव ताई?"

मी म्हटलं, "मला काही नाही सांगितलं गं. आली होती, पण आई आहे का एवढंच विचारून गेली."

बुधीनं माझ्याकडे पाहिलं, अगदी तिच्या आईसारखं. मग पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

खोटं का बोलले, हे मी गेली तीस वर्षं स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत समजावत आले आहे. मी घाबरले होते, हे खरं. पण त्याहून खरं असं, की 'मी ऐकलंच नाही' हे तोंडानं म्हणण्यापेक्षा 'तिनं सांगितलंच नाही' हे म्हणणं सोपं गेलं. मेलेलं माणूस येऊन खोडून काढणार नव्हतं.

आईनं संध्याकाळी विचारलं. बुधी येऊन गेल्याचं तिला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं. "काय म्हणत होती? मी नसताना नवशी आली होती का?"

"आली होती एकदा. काही विशेष नाही. नेहमीचंच बोलत बसली होती."

आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "नेहमीचं म्हणजे काय बोलायची गो ती?"

मी लहान असल्यापासून ती बाई आमच्या पायरीवर बसत होती. मला तिच्याबद्दल काय माहीत होतं? शेवळं, चिंबोऱ्या, करांदे. आई सूप घेऊन आत गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाडवा आला. गुढी उभारली, बाबा रजा घेऊन आले, आईनं पुरण घातलं. मी पोळी पानात तशीच ठेवून उठले. पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आईला सगळं सांगितलं. ऐकताना तिनं मशीनवरून पाय खाली घेतले होते. मग म्हणाली, "एवढी वर्षं माझ्यापाशी बसली. नवरा कसा गेला ते सांगितलं, भट्टीवर हात भाजला ते सांगितलं. हे कधी बोलली नाही. ज्या दिवशी बोलायला आली त्या दिवशी..." पुढचं तिनं तोडलं. "तू वाडीवर जा. आत्ता जा. आणि बुधीला घेऊन गावं शोध."

बुधी त्या वर्षी परत भट्टीवर गेली नव्हती, पोर आजारी होतं म्हणून. मी वाडीवर पोचले तेव्हा ती झोपडीसमोर मासळी साफ करत होती. आमच्या घरापासून वाडी वीस मिनिटांवर, पण मी त्याआधी तिथं कधी गेले नव्हते. मी उभी राहूनच सांगितलं, एका दमात. ऐकून तिनं सुरी खाली ठेवली.

"मंग मना खोटा का सांगलास?"

"लाज वाटली."

"आय किती टाइम सांगत व्हती?"

"बराच वेळ. तासभर तरी."

"तासभर," ती म्हणाली. मग हात धुवून आली आणि माझ्यासमोर मातीत बसली. "काय काय ध्यानात हाय तेवडा सांग."

ते सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मग बुधीचं पोर शेजारणीपाशी ठेवून आम्ही फिरलो. एसटीनं, कधी जीपमध्ये मागं उभं राहून, बरंचसं चालत. चैत्रातलं ऊन, भाताची खाचरं भेगाळलेली, डोंगराला वणवे लागलेले. 'ळे'ची गावं मी कागदावर लिहून घेतली होती. जिथं जाऊ तिथं मला ओटीवर बोलवायचे, पाणी द्यायचे, आणि बुधीला अंगणात उभं ठेवायचे. पहिल्या गावात मी ओटीवर बसले. दुसऱ्या गावापासून अंगणातच बसायला लागले. आणि एक कळलं, की कुणी आपल्याला हवं ते एकदम सांगत नाही. तुमच्या गावात एक मूल नसलेली बाई होती का, असं विचारलं की समोरची बाई आधी स्वतःचं सांगायची. एकीचा मुलगा कामाला म्हणून कल्याणला गेला तो परतला नव्हता. एकीनं, नवरा जाऊन महिना झाला तरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं की शेवटी तो तिच्यावर चिडूनच गेला. मला घाई असायची. बुधीला घाई नव्हती, जिला असायला हवी होती तिला. ती उकिडवी बसून सगळं ऐकायची, अधूनमधून "मंग?" म्हणायची. तिच्या त्या "मंग?"मुळे माणसं उलगडत जायची. मी ते बघत होते.

चौथ्या गावाच्या तोंडाशी एक चिंच होती आणि तिच्याशेजारी एक ताजा तोडलेला बुंधा. बुधीनं त्या बुंध्यावर हात ठेवला.

मूल नसलेल्या बाईचं म्हणून गावात जे घर दाखवलं, त्याला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाई सारवण करत होत्या. आम्ही बसलो. त्यांच्या सुनेचं झालं, गुडघ्याचं झालं, मग त्या घराकडे वळल्या. हो, त्या बाईला मूल नव्हतं. मग एक पोर आली, कुणाची ते विचारायचं नाही असं तिनं सगळ्या गावाला दरडावून ठेवलं होतं. पोरीचं नाव सुगंधा. शाळेत जायची, हुशार होती. "पन डावरी गो. डाव्या हातानं जेवायची, त्यापायी लय मार खायची. सोडली नाय सवय."

बुधी म्हणाली, "माजी आय पन डावरीच व्हती."

मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या पायरीवर बसून नवशी शेकडो वेळा जेवली होती.

"आता कुठं असतात त्या?" मी विचारलं.

"ऱ्हातात कुटं? तिचा नवरा गोदीत मेला ना, दोन वर्सं झाली. भाऊ घेऊन गेला तिला. वसईकडं का पालघरकडं, मना नाय सांगता यायचा. घर इकायला आलीवती आता पाडव्याला. आठ दिस व्हती इतं, पोरगी पन व्हती संगती. एवडी मोटी झालीय." त्यांनी सारवणाचा हात कमरेच्या वर धरला. "कागद झाला, गेली. आता कशाला येतेय ती परत."

पाडवा. मी मनात दिवस मोजले. बुधीही मोजत होती, बोटांवर, मांडीवर हात ठेवून. शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी होती. मी तेव्हाच खरं बोलले असते तर ही चार गावं पाडव्याच्या आत सहज झाली असती, आणि ती घर विकायला आली तेव्हा आत्याबाईंपाशी आमचा निरोप असता. दोघींचा हिशेब एकाच ठिकाणी आला असणार, कारण ती मोजायची थांबली.

घर घेणाऱ्याकडे गेलो. त्याच्या कागदावर त्या बाईचा पत्ता याच गावचा होता. पोरीची शाळा बघितली, बंद होती. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. बुधी खिडकीबाहेर बघत होती. आमच्या फाट्यावर उतरल्यावर मी म्हटलं, "बुधी, मी..." ती थांबली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. दर शिमग्याला येताना-जाताना आमच्या ओटीवरून जायची. आईशी दोन शब्द बोलायची. माझ्याकडे रागानं बघत नसे. मी तिथं नसल्यासारखी जायची.

वसई-पालघरकडे आम्ही नंतर पत्रं लिहिली, बाबांनी ओळखीच्या माणसांना विचारलं. त्या बाईचं माहेरचं आडनावही कुणाला धड माहीत नव्हतं. काही हाती लागलं नाही. माझं लग्न झालं, शहापुरात गेले, तिथं एका गाळ्यात शिवणाचं दुकान टाकलं. आईची नजर गेली, मग आईही गेली. मी बदलले का? लोक म्हणतात, ही बाई ऐकून घेते. ते म्हणतात तेव्हा मला बरं वाटत नाही. मला शिकायला किती लागलं आणि ते कुणाच्या पदरचं गेलं, हे त्यांना माहीत नसतं.

एका दिवाळीनंतर बुधी दुकानात आली. केस पांढरे, छातीचा पिंजरा झालेला, दोन पायऱ्या चढून तिला दम लागला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, तरी भट्टीवर निघाली होती. मी कातरी बाजूला ठेवली आणि बाहेर जाऊन तिच्याजवळ पायरीवर बसले. बराच वेळ ती नुसती श्वास घेत होती.

"सुगंधाला वाचता येत आसंल," ती शेवटी म्हणाली. "साळंत जात व्हती ना. कदी आली शोदत, तर मी नसंन. तू लिवून ठेव."

मी वही आणली. तिनं सांगितलं, मी लिहिलं. आजा कुठला, वाडी आधी कुठं होती, बाप भट्टीच्या धुरानं कसा गेला. ठकी हे नाव कुणी ठेवलं. ताप आला त्या रात्री आयनं तिला पोटाशी कसं बांधून घेतलं होतं आणि मोठ्या बुधीला म्हणाली होती, तू मागं बघू नको, चाल. दुकानात दोन बायका येऊन परत गेल्या. तिचं होईपर्यंत ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मग ती म्हणाली, "आता वाच."

मी वाचायला लागले. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मध्ये मध्ये मला थांबवत होती. धूर नाय, राख लिव. आजाचं नाव तसा नाय. मी खोडत होते, पुन्हा लिहीत होते. शेवटाकडे मी वाचलं, "शिमग्याच्या आधी आई वारली."

"तसा नको लिवू," बुधी म्हणाली.

"मग काय लिहू?"

"आमी नव्हतो तवा गेली, असा लिव."

मी ते खोडलं, आणि ती म्हणाली तसं लिहिलं.